मेलेली यंत्रे आणि सम्यक आजीविका

(वर्षावासानिमित्त आयोजित व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



जुन्या व बिघडलेल्या विजेच्या वस्तू रोख पैशाला विकणे, असा विषय पत्रिकेत छापून आला तेव्हा काही ज्येष्ठ उपासकांनी आम्हास विचारले, की विहारात धम्म सांगायचा सोडून तुम्ही भंगार सांगणार काय? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर विनयपिटकातच सापडते.

चुल्लवग्गात पहिल्या संगीतीच्या प्रकरणात एक प्रसंग आहे. कौशांबीचा राजा उदेन याच्या राण्यांनी भदन्त आनंदांना पाचशे वस्त्रे दान दिली. राजाला ते आवडले नाही. हा श्रमण एवढ्या वस्त्रांचे दुकान मांडणार आहे की काय, अशी त्याला शंका आली. तो स्वतः आनंदांकडे गेला आणि एकेक प्रश्न विचारू लागला. एवढ्या वस्त्रांचे काय करणार? ज्या भिक्खूंची चीवरे जीर्ण झाली आहेत त्यांना वाटू. मग त्या जीर्ण चीवरांचे काय? त्यांची पांघरुणे करू. जुन्या पांघरुणांचे? गादीचे अभ्रे. अभ्रे विरले की जमिनीवरचे अंथरूण, त्याचे पुढे पायपुसणे, पायपुसण्याचे धूळ झटकण्याचे फडके, आणि फडक्याच्याही चिंध्या झाल्या म्हणजे त्या चिखलात कालवून जमीन सारवू. राजा प्रसन्न झाला व त्याने आणखी पाचशे वस्त्रे दिली.

एखादी वस्तू आपल्या हातातून गेल्यावर कोठे जाते, याचा शेवटपर्यंत हिशेब आनंदांजवळ होता. तो हिशेब आपल्याजवळ आहे का, एवढाच आजचा प्रश्न आहे.

मात्र एक मोठा फरक लक्षात घ्यावा लागेल. कापडाची चिंधी चिखलात मिसळली तर चिखलाचे काही बिघडत नाही. टीव्ही चिखलात मिसळत नाही. मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि १९८२ च्या आशियाई खेळांच्या वेळी देशात रंगीत चित्र आले. त्यानंतरच्या वीस-पंचवीस वर्षांत आपल्या वस्त्यांतून, चाळींतून, नोकरदारांच्या क्वार्टर्समधून जे खोक्यासारखे टीव्ही आले, त्यांतील प्रत्येकाच्या पिक्चर ट्यूबच्या काचेत शिसे होते. आकाराप्रमाणे अर्ध्या किलोपासून दोन-तीन किलोपर्यंत. ते टीव्ही आज आपल्या घरांत नाहीत. ते कोठे गेले, हे आपल्यापैकी कितीजण सांगू शकतील?

आता भावाकडे वळू. दारावर येणारा भंगारवाला जुन्या मिक्सरला, पंख्याला, फ्रिजला, संगणकाला जो भाव देतो तो कशाचा असतो? आपल्याला वाटते तो वस्तूचा असतो. वास्तविक तो तांब्याचा, ॲल्युमिनियमचा, लोखंडाचा आणि बोर्डावरील किंचित सोन्याचा असतो. मिक्सर व पंख्याच्या मोटारीत वायंडिंगचे तांबे आहे. फ्रिजमध्ये कॉम्प्रेसर आहे आणि कॉम्प्रेसरमध्ये पुन्हा तांबे. संगणकाच्या मदरबोर्डावर, मेमरीच्या पट्टीवर, प्रोसेसरच्या टोकांवर सोन्याचा मुलामा असतो. एक टन जुन्या मोबाईलमध्ये, बॅटरी वगळून, सुमारे तीनशे ग्रॅम सोने असते असे मानले जाते. खाणीतील एक टन खडकातून पाच ग्रॅम सोने निघाले तरी ती खाण चांगली म्हणतात. हे आकडे ऐकून कोणी घरी जाऊन मोबाईल फोडू नये म्हणून पुढचा हिशेबही सांगतो. एक टनात साधारण दहा हजार मोबाईल बसतात. म्हणजे एका मोबाईलमध्ये तीस मिलिग्रॅम, आपल्या जुन्या सोनारांच्या भाषेत पाव गुंज. ते काढावयाचे तर नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्ल एकत्र करावे लागते. त्याच्या वाफेने फुप्फुसे जळतात आणि उरलेले पाणी गटारात सोडले जाते. एवढे करून सोन्याचा बराच भाग वाया जातो तो वेगळाच.

म्हणजे भावात तांबे धरले जाते, विष धरले जात नाही. पिक्चर ट्यूबचे शिसे, ट्यूबलाईटमधील व जुन्या एलसीडी पडद्यामागील दिव्यांतील पारा, प्लास्टिक पेटू नये म्हणून त्यात मिसळलेली ब्रोमीनयुक्त द्रव्ये, यांना बाजारात किंमत शून्य. ज्याला किंमत नाही ते कोणीतरी फुकट सोसतो. वायरीवरील प्लास्टिक सोलण्याचे श्रम वाचवण्यासाठी ती मैदानाच्या कडेला पेटवतात, तांबे लाल होऊन उरते आणि डायॉक्सिनसारखी द्रव्ये धुरातून वस्तीत जातात. त्या धुराजवळ बहुधा दहा-बारा वर्षांचा मुलगा काठीने वायर हलवीत बसलेला असतो. शिशाचा लहान मुलांच्या मेंदूवर परिणाम होतो आणि त्याचे सुरक्षित असे प्रमाण ठरवता आलेले नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली या विषयावर स्वतंत्र अहवाल काढला तो याच मुलांसाठी.

दिल्लीतील सीलमपूर येथे देशभरातून आलेले संगणक हाताने सुटे होतात. पितळी भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या उत्तर प्रदेशातील मुरादाबादकडे बोर्ड जाळण्याचा धंदा वळला आणि रामगंगेच्या काठावर त्याच्या काळ्या राखेचे थर साचले. आपल्या मुंबईतही कुर्ला, साकीनाका, धारावी या बाजूंना हे काम चालत आले आहे. कारागीर कुशल असतात, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. एखादा पोरगा हातोडी, छिन्नी आणि पेचकस यांच्या बळावर काही मिनिटांत टीव्हीचे सतरा भाग वेगळे करतो. त्याच्या हातात मोजे नसतात, एवढेच.

मायापुरीचे उदाहरण विद्यार्थ्यांनी तर लक्षात ठेवावेच. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात १९६८ साली आणलेले एक किरणोत्सारी उपकरण कित्येक वर्षे वापराविना पडून होते. २०१० च्या फेब्रुवारीत ते इतर जुन्या सामानाबरोबर लिलावात विकले गेले. पश्चिम दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात ते फोडण्यात आले. आत कोबाल्ट-६० होते. फोडणाऱ्यांना ते काय आहे हे ठाऊक असण्याचे कारणच नव्हते. चमकणारा धातू दिसला, तो हातोहात फिरला. त्यात एका कामगाराचा मृत्यू झाला आणि इतर अनेकांना रुग्णालयात ठेवावे लागले. लिलाव करणारे उच्चविद्याविभूषित होते आणि फोडणारे निरक्षर. कागदावर व्यवहार पूर्ण झाला, रक्कम जमा झाली, खोली रिकामी झाली. अज्ञानाची किंमत मात्र ज्याने ज्ञान विकत घेतले नव्हते त्याने मोजली. घरातील मिक्सरमध्ये कोबाल्ट नसतो हे खरे. तथापि आत काय आहे हे न सांगता वस्तू देऊन टाकण्याची सवय तीच आहे.

बंधू-भगिनींनो, आता थोडे नाजूक बोलावयाचे आहे. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी आपल्या समाजाला मृतमांस सोडण्यास सांगितले आणि मेलेली गुरे ओढण्याचे काम गावोगावी नाकारले जाऊ लागले. त्या कामातून हाती काही पडत होते. कातडे होते, बलुते होते. ते सोडल्यावर बहिष्कार सोसावा लागला, उपासमार सोसावी लागली. पुढल्याच वर्षी बाबासाहेबांनी महार वतनाविरुद्ध मुंबई विधिमंडळात विधेयक आणले. ते वतन कायद्याने नष्ट होण्यास १९५८ साल उजाडले. म्हणजे घाण कोणी उचलायची हे जातीने ठरू नये, हा लढा तीस-एकतीस वर्षे कायद्याच्या पातळीवरच चालला.

आज मेलेली गुरे नाहीत, मेलेली यंत्रे आहेत. ती कोण ओढतो ते पाहा. पुण्यात १९९३ साली डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली तेव्हा तिच्या सभासदांत मोठा भरणा दलित स्त्रियांचा होता. उकिरड्यावर वाकलेल्या त्या आपल्याच आया-बहिणी होत्या. त्या संघटनेने ओळखपत्र मिळवले, भावासाठी भांडणे केली, आणि २००८ साली त्यांच्याच ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेने पुणे महानगरपालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करण्याचे काम हाती घेतले. आम्हाला हे उदाहरण महत्त्वाचे वाटते. कारण काही सुशिक्षित मंडळी म्हणतात, आपल्या लोकांनी भंगाराचा धंदाच सोडावा. आम्ही या मताचे नाही. बुद्धांनी उपासकाला पाच व्यापार वर्ज्य सांगितले: शस्त्रांचा, प्राण्यांचा, मांसाचा, मद्याचा आणि विषाचा. जुन्या वस्तूचा व्यापार त्यात नाही. उलट भिक्खूंनी उकिरड्यावरच्या चिंध्या धुऊन, शिवून पांसुकूल चीवर केले आणि ते सन्मानाने पांघरले. वर्ज्य आहे तो विषाचा व्यापार. तेव्हा जुना टीव्ही विकणे विषाच्या व्यापारात मोडते का, याचे उत्तर तो कोणत्या अवस्थेत आणि कोणाला विकला यावर ठरते. या बाबतीत विकणाऱ्याची जबाबदारी घेणाऱ्याइतकीच आहे.

मग विकावे कसे? येथे आम्ही दुरुस्तीच्या कामातील माणूस म्हणून बोलतो.

जुन्या वस्तूचे चार भाव असतात. चालू असेल तर एक, दुरुस्त होण्याजोगी असेल तर दुसरा, सुट्या भागांसाठी तिसरा आणि वजनावर चौथा. आपले बहुतेक लोक पहिले तीन भाव सोडून थेट चौथ्यावर येतात, तेही वस्तू माळ्यावर पाच वर्षे ठेवल्यानंतर. लॅपटॉप सुरू होत नाही म्हणून तो किलोवर गेला, आणि त्याचा पडदा, मेमरी, डिस्क, कीबोर्ड सर्व शाबूत होते, असे आम्ही कितीदा पाहिले आहे. पडदा फुटलेल्या मोबाईलचा बोर्ड चांगला असतो, बोर्ड गेलेल्याचा पडदा चांगला असतो. दुरुस्ती करणाऱ्याला हे दोन्ही हवे असतात. मोबाईल तर जितका लवकर विकाल तितका बरा. ड्रॉवरमध्ये ठेवून त्याचा भाव वाढत नाही, बॅटरी मात्र फुगते. फुगलेली बॅटरी दाबू नये, टोचू नये, कचऱ्याच्या डब्यात टाकू नये. ती पेट घेते.

दुसरे असे, की वस्तू अखंड विकावी. घरी कॉम्प्रेसर काढून वेगळा विकला की चार पैसे जास्त मिळतात हे खरे. पण नळी कापताच आतील वायू हवेत जातो. जुन्या फ्रिजमध्ये आर-१२ नावाचा वायू असे. ओझोनचा थर विरळ करणाऱ्या या वायूंविरुद्ध १९८७ साली माँट्रियल येथे करार झाला आणि आपल्या देशात १ जानेवारी २०१० पासून त्यांचा वापर बंद झाला, तरी जुन्या फ्रिजच्या पोटात तो शिल्लक असतो. हवा तापवण्याच्या बाबतीत हा एक किलो वायू कार्बन डायऑक्साईडच्या सुमारे दहा टनांना भारी आहे. नव्या फ्रिजमध्ये आयसोब्युटेन असतो. तो ओझोनला निरुपद्रवी आहे, पण ज्वालाग्राही आहे. कापताना ठिणगी पडली तर काय होईल ते सांगायला नको. पिक्चर ट्यूबच्या टीव्हीचे मागील झाकणही उघडू नये. प्लग काढल्यावरही ट्यूबमध्ये हजारो व्होल्टचा विद्युतभार राहतो. ज्याला तो उतरवता येतो त्यानेच हात घालावा.

तिसरी गोष्ट विद्यार्थ्यांसाठी. मोबाईल विकण्याआधी सिमकार्ड व मेमरी कार्ड काढणे एवढे पुरेसे नाही. आधी आपले खाते मोबाईलवरून काढावे, बँकेची व पैसे पाठवण्याची ॲप्स बंद करावीत, मग फॅक्टरी रीसेट करावे. खाते न काढता रीसेट केले तर मोबाईल नव्या मालकाकडे कुलूपबंदच राहतो आणि तो पैसे परत मागायला दारात उभा राहतो. संगणकाच्या डिस्कवरील फाईल पुसली म्हणजे ती गेली असे नाही. नुसते फॉरमॅट केले तरी परत मिळवता येते. ओळखपत्रांच्या प्रती, जातीचे दाखले, शिष्यवृत्तीचे अर्ज, सगळे त्यात असते. ज्याला पुसता येत नाही त्याने डिस्क काढून ठेवावी आणि संगणक डिस्कविना विकावा.

घेणाऱ्यांनीही सांभाळावे. वसतिगृहातील मुले स्वस्तात मोबाईल घेतात, बिल मागत नाहीत. *#०६# दाबले की पंधरा आकडी आयएमईआय क्रमांक दिसतो. तो बिलावरील व खोक्यावरील क्रमांकाशी जुळला पाहिजे. २०२३ सालापासून केंद्र शासनाच्या ‘संचार साथी’ या सेवेवर तो क्रमांक घालून मोबाईल चोरीचा म्हणून बंद केलेला आहे की कसे, हे पाहता येते. चोरीचा माल आहे असे मानण्यास कारण असूनही घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. हजार-दोन हजार वाचवताना नोकरीच्या वेळी पोलीस पडताळणीत नाव येऊ नये. विकताना आपणही घेणाऱ्याचे नाव, दिनांक आणि आयएमईआय लिहून दोघांच्या सह्या असलेला कागद ठेवावा. उद्या त्या मोबाईलवरून काही गैर घडले तर तोच कागद उपयोगी पडतो.

कायद्याविषयी थोडक्यात. ई-कचऱ्याचे पहिले स्वतंत्र नियम २०११ साली झाले आणि १ मे २०१२ पासून लागू झाले. २०१६ साली ते बदलले, आणि आता २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. १०६ प्रकारच्या वस्तू त्यात येतात. ज्याने वस्तू बाजारात आणली त्या उत्पादकाने तिच्या शेवटाचीही जबाबदारी घ्यावी, हे तत्त्व त्यामागे आहे आणि ते चांगले आहे. नोंदणी मात्र चौघांचीच: वस्तू बनवणारा, ती बाजारात आणणारा, जुनी वस्तू नीट करून विकणारा आणि तिच्यातून धातू काढणारा. दारावर येणारा भंगारवाला, गल्लीत वस्तू सुटी करणारा कारागीर, यांना त्या चौघांत जागा नाही. जो प्रत्यक्ष माल गोळा करतो तोच कायद्याच्या बाहेर. जगात २०२२ साली ६ कोटी २० लाख टन ई-कचरा झाला आणि त्यातील जेमतेम बावीस टक्क्यांची रीतसर विल्हेवाट लागल्याची नोंद आहे. उरलेल्यातील किती भाग अशा अनामिक हातांतून गेला असेल याची कल्पना करावी.

आपल्या तरुणांना येथे जागा आहे असे आम्हास वाटते. नीट करून विकण्याचा परवाना दहावी-बारावी झालेल्या, आयटीआयमधून इलेक्ट्रॉनिक्सचे शिक्षण घेतलेल्या चार-पाच मुलांना एकत्र येऊन मिळवता येण्यासारखा आहे. मल्टिमीटर, सोल्डरिंग आयर्न, हॉट एअर गन, एक स्वच्छ टेबल आणि धूर बाहेर टाकणारा पंखा एवढ्यावर सुरुवात होते. वस्तू फोडण्यापेक्षा तिला आणखी चार वर्षे चालवण्यात पैसा जास्त आहे आणि छातीला धोका कमी आहे. भंगारवाल्याला शत्रू समजू नये. माल त्याच्याकडूनच येणार आहे. त्याला अखंड वस्तूचा वजनापेक्षा चांगला भाव दिला तर तोही ती फोडणार नाही.

शेवटी आपल्या वसतिगृहाच्या खोलीत ठेवलेल्या संगणकांविषयी. गेली काही वर्षे कार्यकारिणीच्या प्रत्येक सभेत हा विषय निघतो आणि पुढे ढकलला जातो. त्यातले काही देणगीत आले तेव्हाच जुने होते. देणाऱ्याचा माळा मोकळा झाला, आपली खोली भरली. असो. आपण दोघांकडून भाव मागवले. भंगारवाल्याने सांगितलेली रक्कम जास्त आहे आणि तो उद्याच टेंपो आणण्यास तयार आहे. नोंदणीकृत पुनर्चक्रण कंपनी कमी देते, कारण वाहतूक ती आपल्या रकमेतून वजा करते. वर्षात हजार किंवा त्याहून अधिक उपकरणे वापरणाऱ्या मोठ्या संस्थांना नोंदणीकृत जागीच माल द्यावा लागतो. आपल्यावर तसे बंधन नाही. त्यामुळे टेंपो बोलावला तरी आपल्याला कोणी जाब विचारणार नाही.

आमची सूचना अशी आहे. पहिल्या दोन रविवारी आयटीआयच्या विद्यार्थ्यांनी आमच्याबरोबर बसून सर्व संगणक तपासावेत. तिघांतून एक चालू होईल असा आमचा अंदाज आहे. जे चालू होतील ते वाचनालयात ठेवावेत. चांगले सुटे भाग वेगळे करून त्यांची यादी फलकावर लावावी आणि सभासदांना माफक दरात द्यावेत. डिस्क सर्व काढून घ्याव्यात, कारण त्यात विद्यार्थ्यांची माहिती आहे. उरलेला माल, जुने मोठे मॉनिटर धरून, न फोडता नोंदणीकृत कंपनीला पावती घेऊन द्यावा. दोन्ही भावांतील फरक हिशेबात स्वतंत्र ओळीत दाखवावा आणि तेवढी रक्कम आज या सभागृहात वर्गणीतून उभी करावी. वहीत पहिले नाव आमचे लिहिले आहे. वही कोषाध्यक्षांजवळ दाराशी आहे.

जयभीम. नमो बुद्धाय.